रहस्य सांभाळणारे अ‍ॅप

‘मॅन्शन्स ऑफ मॅडनेस’ हा अमेरिकेतील फॅन्टसी फ्लाइट गेम्स या कंपनीने काढलेला पटावरचा खेळ आहे. त्याची पहिली आवृत्ती 2011 मध्ये निघाली, दुसरी 2016 मध्ये. पट, सोंगट्या, पत्ते आणि फासे दोन्ही आवृत्त्यांत आहेत. गोष्टही एकाच घराण्यातली आहे: 1920 च्या दशकातले एक काल्पनिक अमेरिकी शहर, त्यातला एखादा बंद वाडा, वाड्यात वावरणारे काहीतरी अमानवी, आणि त्याचा छडा लावायला गेलेली चार-पाच साधी माणसे. दोन्ही आवृत्त्यांतला मुख्य फरक एकच आहे. पहिल्या आवृत्तीत वाड्याचे रहस्य एका खेळाडूला ठाऊक असे. दुसऱ्या आवृत्तीत ते कोणत्याही खेळाडूला ठाऊक नसते; ते फोनवर, टॅबलेटवर किंवा संगणकावर चालणाऱ्या अ‍ॅपकडे असते.

या बदलाने खेळाची जातच पालटली. आधी एक विरुद्ध सगळे अशी लढत होती, आता सगळे एका बाजूला आले. अशा खेळांना सहकारी खेळ म्हणतात. त्यात हार आणि जीत दोन्ही सामाईक असतात, आणि प्रतिस्पर्धी म्हणून खेळाचे नियमच समोर उभे राहतात. सहकार्य, अ‍ॅप आणि अज्ञात जागेचा शोध ही तीन सूत्रे या खेळात कशी एकत्र आली हे पाहण्यासाठी आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: सगळ्यांसमोर उघड्या मांडलेल्या पटावर एखादी गोष्ट लपवायची कशी?

उघडा पट आणि झाकलेली गोष्ट

महाराष्ट्रातल्या जुन्या पटांवर लपलेले असे काही नसते. सारीपाटात कोणाची सोंगटी कोठे आहे हे साऱ्यांना दिसते. वाघ-बकरीत वाघाची चाल बकऱ्यांपासून झाकलेली नसते. मोक्षपटावर शिड्या आणि साप पहिल्या दानापासून समोर असतात. संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या या खेळात पापपुण्याचा सगळा नकाशा खेळाडू आधीच वाचू शकतो. अज्ञात असते ते फक्त पुढचे दान. लपवाछपवी आली ती पत्त्यांमध्ये आणि चिठ्ठ्यांमध्ये. राजा-राणी-चोर-शिपाईच्या डावात चोर कोण हे चिठ्ठी उलगडेपर्यंत कळत नाही, म्हणून त्यात तर्काला जागा मिळते.

पटावर गुन्ह्याचे कोडे रुजवण्याचे श्रेय मुख्यतः ‘क्लूडो’ला जाते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रचला आणि 1949 मध्ये तो बाजारात आला. खुनी, हत्यार आणि खोली असे तीन पत्ते पाकिटात घालून ठेवायचे आणि उरलेल्या पत्त्यांवरून ते ओळखायचे, ही त्याची युक्ती. पण क्लूडोतला वाडा पहिल्यापासून पूर्ण उघडा असतो. लपलेले असते ते फक्त उत्तर. जागा लपलेली नसते.

जागाच अज्ञात ठेवायची तर पटाचे तुकडे करावे लागतात. 2004 मधल्या ‘बिट्रेयल अ‍ॅट हाउस ऑन द हिल’ या खेळात झपाटलेल्या घराची एकेक खोली उलट्या ठेवलेल्या तुकड्यांतून निघते आणि घर प्रत्येक डावात नव्याने उभे राहते. मात्र खोल्या नशिबाने येतात. स्वयंपाकघराला लागून तळघर आले तर त्यामागे कोणाची योजना नसते. घर अज्ञात होते, पण त्याला सुसंगत गोष्ट मिळणे अवघड जाते.

सुसंगत गोष्ट हवी तर कोणीतरी ती आधी लिहून ठेवली पाहिजे. ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ (1981) या खेळाने ती पुस्तिकांत लिहिली. खेळाडू लंडनच्या नकाशावरचा पत्ता निवडतात आणि त्या क्रमांकाचा परिच्छेद वाचतात. येथे कोडे पक्के बांधलेले आहे, पण पुस्तिका खेळाडूच्या हातात असते आणि तिला काही लक्षात राहत नाही. दार आधी फोडले की खिडकीतून शिरले, दिवा लावला की विझवला, याची नोंद छापील परिच्छेद ठेवू शकत नाही.

अशी नोंद माणूस ठेवू शकतो. म्हणूनच 1981 साली सँडी पीटरसन यांनी रचलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भूमिका-खेळात एका खेळाडूकडे सगळे रहस्य सोपवलेले असते. इंग्रजीत त्याला ‘कीपर’ म्हणतात. आपल्या रंगभूमीवरचा सूत्रधार त्याच्या सर्वांत जवळचा. तो वर्णन करतो, प्रश्नांना उत्तरे देतो, राक्षसांच्या वतीने वागतो आणि वेळ पाहून दोर आवळतो किंवा सैल सोडतो.

माणूस सूत्रधार असताना

‘मॅन्शन्स ऑफ मॅडनेस’च्या पहिल्या आवृत्तीचे रचनाकार कोरी कोनिएच्का होते. त्यांनी हाच सूत्रधार पटावर आणला. एका खेळाडूवर पूर्ण डावभर राज्य असे आणि बाकीचे, जास्तीत जास्त चौघे, शोधक असत. डाव सुरू होण्यापूर्वी सूत्रधार कथानकाच्या दिलेल्या पर्यायांपैकी काही निवडे आणि त्यानुसार प्रत्येक खोलीत ठरलेले पत्ते ठराविक क्रमाने लावून ठेवी. शोधक एका खोलीतला पत्ता उघडत, तेथून पुढच्या खोलीचा धागा मिळे, आणि अशी साखळी रहस्यापर्यंत जाई.

या रचनेत दोन अडचणी होत्या. मांडणीला वेळ लागे आणि त्यात एक पत्ता चुकला तर साखळी तुटे. ते लक्षात येईपर्यंत डाव बराच पुढे गेलेला असे. दुसरी अडचण माणसाच्या भूमिकेची होती. सूत्रधाराला गोष्ट रंगवायची आणि त्याच वेळी शोधकांना हरवायचेही. मन लावून हरवले तर गोष्ट अर्ध्यात संपते, आणि हात आखडता घेतला तर इतरांना ते जाणवते.

दुसऱ्या आवृत्तीची रचना निक्की व्हॅलेन्स यांनी केली. ती ऑगस्ट 2016 मध्ये आली. तिने सूत्रधाराची खुर्ची काढून टाकली आणि खेळाडूंची संख्या एक ते पाच अशी ठेवली. एकट्याने खेळता येणे हा या बदलाचा सरळ परिणाम, कारण रहस्य जपायला दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही. जुन्या आवृत्तीच्या सोंगट्या आणि पटाचे तुकडे नव्या खेळात वापरता यावेत म्हणून लागणारे साहित्यही पेटीत दिले गेले.

यंत्राच्या हाती सूत्रे

खेळात यंत्राला जागा देण्याची कल्पना 2016 ची नव्हे. मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘डार्क टॉवर’ (1981) या खेळात पटाच्या मध्यभागी विजेवर चालणारा बुरूज असे आणि लढायांचे निकाल तो देई. 1991 साली ऑस्ट्रेलियात निघालेला ‘नाइटमेअर’ व्हिडिओ कॅसेटवर चाले. पडद्यावरचा द्वारपाल मध्येच खेळाडूंवर ओरडे आणि शिक्षा सुनावी. पण कॅसेट एकाच दिशेने फिरते. पटावर काय घडले हे तिला कळत नाही, आणि चार डावांनंतर द्वारपालाचे बोलणे पाठ होते.

स्मार्टफोन घरोघरी पोहोचल्यावर चित्र बदलले. 2014 च्या ‘अल्केमिस्ट्स’ खेळात औषधींची गुप्त सूत्रे अ‍ॅपने सांभाळली. 2015 च्या ‘एक्सकॉम’मध्ये अ‍ॅप ठरावीक सेकंदांत निर्णय घ्यायला लावू लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत ‘अनलॉक!’ (2017), क्यूआर कोडवर तपास चालवणारा ‘क्रॉनिकल्स ऑफ क्राइम’ (2018) आणि फॅन्टसी फ्लाइटचाच ‘जर्नीज इन मिडल-अर्थ’ (2019) असे खेळ येत गेले. या खेळांत मिळून अ‍ॅप तीन प्रकारची कामे करते: गुपित ठेवते, काय घडले ते लक्षात ठेवते, आणि पुढे काय घडेल ते ठरवते. पुस्तिकेला यातले पहिले काम जेमतेम जमे. कॅसेटला दुसरे मुळीच जमत नसे.

पेटीत काय, पडद्यावर काय

दुसऱ्या आवृत्तीच्या पेटीत 8 शोधकांच्या आणि 24 राक्षसांच्या प्लास्टिकच्या मूर्ती असतात. खोल्या, जिने आणि रस्ते छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे, वस्तूंचे आणि मंत्रांचे पत्ते, इजा आणि धास्ती यांचे पत्ते, टोकन आणि आठ बाजूंचे फासे हे बाकीचे साहित्य. अ‍ॅप मोफत उतरवून घेता येते. मूळ खेळात चार कथानके आहेत. पुढे ‘बियाँड द थ्रेशोल्ड’ आणि ‘स्ट्रीट्स ऑफ आर्कम’ (2017), ‘सँक्टम ऑफ ट्वायलाइट’ आणि ‘हॉरिफिक जर्नीज’ (2018), ‘पाथ ऑफ द सर्पंट’ (2019) असे विस्तार निघाले. त्यांनी गोष्ट वाड्याबाहेर काढून शहराच्या रस्त्यांवर, प्रवासात आणि जंगलात नेली. काही कथानके केवळ अ‍ॅपमध्ये विकत मिळतात. त्यांना नवी पेटी लागत नाही.

कामाची वाटणी काटेकोर आहे. सोंगट्या खेळाडूच हलवतात, फासे तेच टाकतात, पत्ते त्यांच्याच हातात राहतात. शोधक नेमका कोणत्या चौकोनात उभा आहे हे अ‍ॅपला माहीतच नसते. ते विचारते आणि खेळाडू उत्तर देतात. राक्षसाला किती इजा झाली हे मात्र अ‍ॅपमध्ये नोंदवले जाते. त्यामुळे पडदा टेबलाच्या एका कडेला राहतो आणि खेळाडूंची नजर बहुतेक वेळ पटावर असते. अ‍ॅपने फासेही टाकले असते आणि सोंगट्याही हलवल्या असत्या, तर तो व्हिडिओ गेम झाला असता.

एक फेरी

डाव सुरू होतो तेव्हा टेबलावर बहुधा एकच खोली असते. अ‍ॅप प्रास्ताविक ऐकवते, पहिला तुकडा कसा ठेवायचा ते दाखवते आणि त्यावर कोठे कोणते टोकन ठेवायचे ते सांगते. एक टोकन म्हणजे बंद दार, दुसरे शोधण्याजोगी जागा, तिसरे बोलण्याजोगे माणूस.

फेरीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रत्येक शोधक दोन कृती करतो. चालणे ही एक कृती, तिच्यात दोन घरांपर्यंत जाता येते. दार उघडून पलीकडे पाहणे, कपाट किंवा टेबल शोधणे, कोणाशी बोलणे, वस्तूंची देवाणघेवाण करणे आणि हल्ला करणे याही कृतीच. कोणी आधी खेळायचे हे खेळाडू आपसात ठरवतात. दार उघडले की अ‍ॅप पलीकडच्या खोलीचा तुकडा सांगते, तो पटाला जोडला जातो, आणि नकाशा एका घराने वाढतो. घर कोणत्या बाजूला पसरणार, किती मोठे निघणार, याचा अंदाज टेबलावरच्या कोणालाही नसतो. काही कथानकांत तर पुन्हा खेळताना घराची मांडणीही बदलते.

जोखमीच्या कृतीसाठी फासे टाकावे लागतात. प्रत्येक शोधकाचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, निरीक्षण, ज्ञान, प्रभाव आणि निर्धार. ज्या गुणाची कसोटी असेल त्याच्या आकड्याइतके फासे टाकायचे. फाशाच्या आठ बाजूंपैकी तीनवर यशाचे चिन्ह असते, दोनवर भिंग, आणि तीन बाजू कोऱ्या. शोध घेताना मिळालेल्या धाग्यांच्या टोकनांपैकी एक खर्च केले की एका भिंगाचे यश करता येते. म्हणजे नुसत्या नशिबावर एका फाशाने यश मिळण्याची शक्यता आठात तीन, आणि धागा हाती असेल तर आठात पाच. तीन फासे टाकले तर निदान एक यश मिळण्याची शक्यता सुमारे 76 टक्के निघते. ज्याने आधी नीट शोध घेतला त्याचे पुढचे फासे वजनदार पडतात. शोधाला महत्त्व द्यावे हा उपदेश नियमांच्या पुस्तकात करण्याऐवजी रचनाकाराने तो फाशातच घातला आहे.

काही कुलपे फाशांनी उघडत नाहीत. अ‍ॅपवर सरकत्या तुकड्यांचे चित्र, आकड्यांचे संकेत किंवा कुलपाचे कोडे येते. खेळाडूला ते स्वतःच्या डोक्याने सोडवावे लागते, पण एका कृतीत किती चाली करायच्या हे शोधकाच्या गुणावर ठरते. खेळणारा कितीही हुशार असला, तरी त्याचे पात्र मंद असेल तर वेळ जातो.

दुसरा भाग अ‍ॅपचा. त्यात घराची बाजू खेळते. आवाज येतात, दिवे जातात, आग पसरते, नवा राक्षस प्रकटतो, आधीचे राक्षस जवळच्या शोधकाकडे सरकतात. प्रत्येक राक्षस कसा वागतो आणि कोणावर चाल करून जातो हे अ‍ॅप वाक्यात सांगते, आणि खेळाडू ती चाल पटावर करतात. मग राक्षस दिसल्याने मनावर काय परिणाम झाला याची कसोटी होते आणि नवी फेरी सुरू होते. अ‍ॅप फेऱ्याही मोजत असते. त्यामुळे सावकाश, एकेक कोपरा पाहत बसणाऱ्यांवर संकट वाढत जाते. किती वेळ उरला हे मात्र ते सांगत नाही.

इजा आणि धास्ती

शोधकाला दोन प्रकारचे मार बसतात. शरीराला इजा होते आणि मनाला धास्ती बसते. दोन्ही पत्त्यांच्या रूपाने जमा होतात. उलटा ठेवलेला पत्ता नुसता आकडा वाढवतो. सुलटा पत्ता लंगडेपणा, घाबरगुंडी असा प्रत्यक्ष त्रास देतो. इजेचा आकडा सहनशक्तीला भिडला की शोधक जखमी होतो.

धास्तीचा आकडा मनोबलाला भिडला की मात्र वेगळेच काही घडते. त्या खेळाडूला वेडाचा एक पत्ता मिळतो. त्याची मागची बाजू त्याने एकट्याने वाचायची आणि कोणाला सांगायची नाही. त्यावर त्याचे जिंकण्याचे नवे निकष लिहिलेले असू शकतात. कधी निकष निरुपद्रवी असतात, कधी ते साथीदारांच्या मुळावर येतात. एकमेकांना सगळे मोकळेपणाने सांगणाऱ्या गटात असा एक भिडू निर्माण होतो, ज्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवावा की नाही हे कळत नाही.

सहकारी खेळांच्या एका ठळक दोषावर हा उपाय लागू पडतो. 2008 च्या ‘पँडेमिक’ने सहकारी खेळ जगभर लोकप्रिय केले. त्याच सुमारास हेही दिसून आले की सारी माहिती उघडी असेल तर गटातला सर्वांत अनुभवी खेळाडू सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या हलवतात. ‘मॅन्शन्स ऑफ मॅडनेस’मध्ये पुढचे दार कोणालाच माहीत नसते, म्हणून अनुभवाचा अधिकार तेथे थिटा पडतो. वेडाच्या पत्त्यानंतर तर हुकूम देणाऱ्याच्या हेतूबद्दलही शंका येऊ लागते.

भीतीचा वंश

खेळातले आर्कम शहर एच. पी. लव्हक्राफ्ट (1890–1937) या अमेरिकी लेखकाच्या कथांतून आले आहे. त्याची ‘द कॉल ऑफ कथुलू’ ही कथा 1928 मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात छापून आली. माणसाला विश्वात काही स्थान नाही, त्याच्याहून प्राचीन आणि अफाट अशा शक्ती आहेत, त्या त्याचा द्वेषही करत नाहीत कारण तो त्यांच्या खिजगणतीतच नाही, आणि हे कळणे म्हणजेच वेड लागणे, हे त्याच्या कथांचे सूत्र. खेळातली धास्तीची मोजणी याच सूत्रावर उभी आहे: रहस्य जसे उलगडते तसे मन ढासळते.

मराठी वाचकाला या प्रांताची ओळख नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या भयकथा-गूढकथांमुळे आहे. धारपांच्या ‘समर्थ’ मालिकेत मात्र अमानवी शक्तीपुढे उभा राहू शकणारा एक अधिकारी पुरुष असतो. लव्हक्राफ्टकडे असा त्राता नाही. खेळ या दोन टोकांच्या मधली वाट धरतो. त्यातले शोधक साधी माणसे आहेत, पण ती एकटी नाहीत; जिंकण्याची शक्यता त्यांच्या एकीतून येते.

लव्हक्राफ्टच्या वारशात एक डागही आहे. परक्या वंशांची, काळ्या माणसांची आणि आदिवासींची त्याने काढलेली चित्रे उघडपणे वंशद्वेषी आहेत. त्याच्या कथांत अघोरी पूजा करणारे लोक बहुधा तेच असतात. 2015 मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या स्मृतिचिन्हावरून त्याचा अर्धपुतळा काढून टाकण्याचा निर्णय झाला. त्याच्या जगावर आधारलेल्या खेळांनी शोधकांमध्ये निरनिराळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांना स्थान देऊन तोल सावरण्याचा प्रयत्न केला आहे.

अ‍ॅपची किंमत

सूत्रधार माणूस नसल्याने काही गमावलेही जाते. माणूस अनपेक्षित प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. एखाद्याने कपाट शोधण्याऐवजी ते दाराला टेकवून वाट अडवायचे ठरवले, तर हाडाचा सूत्रधार ते मान्य करून पुढे नेईल. अ‍ॅप फक्त लिहून ठेवलेल्या पर्यायांतून निवडू देते. तेच कथानक पुन्हा खेळताना घटनांचा क्रम बदलला तरी मूळ रहस्य ओळखीचे झालेले असते.

दुसरा धोका टिकाऊपणाचा. सारीपाटाचे कापड आजोबांकडून नातवाकडे येते. अ‍ॅपवर चालणाऱ्या खेळाची पेटी तेवढीच टिकेल, पण फोनची प्रणाली बदलत जाते आणि प्रत्येक बदलानंतर अ‍ॅप सुधारून घ्यावे लागते. कंपनीने ते थांबवले तर पुठ्ठा आणि मूर्ती शाबूत राहूनही खेळ बंद पडेल, कारण त्याचे गुपित पेटीत कोठेच छापलेले नाही. खर्चाची बाजूही आहे. अमेरिकेत प्रकाशनाच्या वेळी पेटीची किंमत जवळपास 100 डॉलर होती. भारतात त्यात आयातीचा खर्च मिळतो.

मेळघाटात डाव मांडायचा तर

हा खेळ आपल्याकडे कसा मांडता येईल हे पाहायला धारणीचे उदाहरण घेऊ. हे अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातले, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. कोरकू, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांचा येथे रोजचा वावर आहे. अशा गावी हा खेळ मांडायचा झाला तर पहिली शंका नेटवर्कची येते, कारण मेळघाटातल्या आतल्या गावांत ते भरवशाचे नाही. ती अडचण मात्र किरकोळ ठरते. अ‍ॅप आणि कथानके एकदा उतरवून घेतली की खेळताना इंटरनेट लागत नाही. दोन-तीन तास पुरेल इतकी बॅटरी असली की भागते.

भाषेची अडचण मोठी आहे. अ‍ॅप इंग्रजीत आणि इतर काही भाषांत आहे, मराठीत नाही, आणि खेळाचा सगळा भार मजकुरावर आहे. गटातल्या एकाने तो वाचून इतरांना मराठीत किंवा कोरकूत सांगायचा, हा व्यवहार्य मार्ग. त्यात दुसऱ्या आवृत्तीने काढून टाकलेला माणूस वेगळ्या रूपात परत येतो. रहस्य त्यालाही ठाऊक नसते, पण कोणते वाक्य कसे सांगायचे, कोठे थांबायचे, हे त्याच्या हाती असते. त्याने वर्णनातला एखादा तपशील गाळला तर गटाचा एक धागा गेला, म्हणून वाचणाऱ्याने सगळा मजकूर सांगण्याची शिस्त पाळावी लागते.

याच भूमीवर नवे कथानक बेतण्याइतके साहित्य आसपास आहे. सिपना नदीकाठचे कोलकास आणि सेमाडोह येथे वनविभागाची विश्रामगृहे आहेत; सागाच्या जंगलातली अशी वास्तू म्हणजे एकेक खोली उघडत जाण्यासाठी तयार पटच. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड तर रचनेनेच शोध-खेळाला अनुकूल आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला, तेव्हा बाहेरचा कोट फोडूनही काम संपले नाही. मधली दरी ओलांडून आतल्या किल्ल्याच्या तटावर शिड्या लावून चढावे लागले. एक दार उघडले की त्यामागे दुसरे, अधिक अवघड दार, ही खेळाची मूळ चालच तेथे दगडात बांधलेली आहे. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन रस्ते अडतात. फेरीतल्या अ‍ॅपच्या भागाला तेवढी घटना पुरते. 1974 पासून हा व्याघ्र प्रकल्पाचा प्रदेश आहे. वाघ मात्र येथे खराखुरा असतो, त्याला राक्षसाच्या रांगेत बसवले तर कथानक खोटे वाटेल.

सर्वांत जपून हाताळण्याची गोष्ट श्रद्धेची आहे. आर्कमचे वेताळ-पिशाच अमेरिकी खेळाडूला निखळ कल्पित असते. मेळघाटात भूमका आणि पडियार ही गावजीवनातली खरी माणसे आहेत. दुखणे आले की देवाधर्माचे पाहण्यासाठी लोक त्यांच्याकडे जातात, आणि उपचाराला उशीर झाल्याने जीव गेल्याच्या घटनाही घडल्या आहेत. कोणाला भुताळी ठरवून छळणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. जेथे भुताच्या आरोपाने माणसे मार खातात, तेथे गावातला पडियार हाच खलनायक, आणि शहरातून आलेले शोधक हेच तारणहार, असे कथानक लिहिणे म्हणजे लव्हक्राफ्टचीच चूक मराठीत करणे.

यातून वाट आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) या चित्रपटात अमानवी शक्ती आहे, पण संकटाचे मूळ माणसाच्या हव्यासात आहे; दोष कोणत्याही जमातीवर येत नाही. मेळघाटच्या कथानकातही रहस्याचे मूळ सरकारी दप्तरातल्या हरवलेल्या फाइलीत, इंग्रज अधिकाऱ्याच्या अर्धवट मोजणीत किंवा लाकडाच्या जुन्या ठेक्यात ठेवता येते. शोधकांत कोरकू वनरक्षक, आशा सेविका आणि धारणीच्या शाळेतले शिक्षक असावेत. जंगलाच्या खुणा वाचणे हा वनरक्षकाचा गुण, आणि निरीक्षणाच्या कसोटीत त्याला सर्वांत जास्त फासे.

अशा कामातला मोठा वाटा चित्रांचा किंवा मूर्तींचा नसतो. तीन भाषांतला मजकूर लागतो, आणि तो फांद्यांनी वाढतो: दार फोडले तर एक वाक्य, किल्लीने उघडले तर दुसरे, आग लागल्यावर उघडले तर तिसरे. गट एका डावात यातल्या एकाच वाटेने जातो, पण लिहिणाऱ्याला सगळ्या वाटा लिहाव्या लागतात. जी दारे कोणीच उघडणार नाही त्यांच्यामागचीही खोली आधी सजवून ठेवावी लागते.